अकरा ते चार बॉयलर बंद

मन्मथ, सौदा अर्धा टाकून उठून जाणारा माणूस तू नव्हतास.

तू गेल्याला आज नऊ दिवस झाले. भेटायला येणारे मला समजावतात, सर, आता शांत व्हा, वय झालं होतं, आजार होता. वय काय झालं होतं? माझ्याहून चार महिन्यांनी लहान होतास. आजाराचं म्हणशील तर जन्मात विडी ओढली नाहीस, कुणी तंबाखूची चंची काढली तरी नाक मुरडायचास, आणि फुफ्फुसं अशी झाली की डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हे काय काम करतात?" मी म्हणालो, सोयाबीनचं तेल आणि पेंड काढायचा कारखाना आहे यांचा, लातूरच्या एमआयडीसीत. त्यांनी मान हलवली. म्हणाले, कारण एकच असं नसतं. मला सांगतात. कारण एकच नसतं, हे मी तीस वर्षं नांदेडच्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या पोरांना शिकवलं.

तुला बसवून नेलं. कपाळभर भस्म, डाव्या हातात लिंग, गळ्यात बेलाची माळ, आणि तोंडावर असा भाव की आता उठशील आणि म्हणशील, "विन्या, खुर्ची घे." हॉस्टेलात असताना तू मला चिडवायचास. "तुम्ही लोक मेल्यावरबी धूर करता. आमचं बघ. खड्डा, मीठ, भस्म. काही भानगड न्हाई." त्या दिवशी खड्ड्याच्या काठावर उभं राहिल्यावर नेमकं हेच आठवलं आणि इतका संताप आला की मूठभर माती हलकेच सोडायची ती मी फेकली. तुझ्या मेव्हण्यानं माझ्याकडे पाहिलं. पाहू दे. ज्या माणसानं जन्मभर धुरावरून माझ्याशी वाद घातला तो स्वतः धूर न करता निसटला होता.

निसटलास असंच मी म्हणणार. कारण तुझा-माझा सौदा अजून व्हायचा होता.

तो सौदा कधी सुरू झाला ते तुला आठवतं का? तू लातूरच्या आडत्याचा मुलगा, मी हदगावच्या शाळामास्तरचा. नांदेडच्या हॉस्टेलात एका खोलीत टाकलं आपल्याला. तुझ्या वडिलांच्या आडतीत जुनी रीत होती, भाव तोंडानं बोलायचा नाही. दोन व्यापाऱ्यांनी रुमालाखाली हात घालायचे, एकानं दुसऱ्याची बोटं दाबायची. दोन बोटं म्हणजे दोन, पंजा म्हणजे पाच, दोनदा पंजा म्हणजे दहा. पटलं तर हात घट्ट, नाही पटलं तर हात बाहेर. आजूबाजूच्यांना कळायचं नाही काय चाललंय. ती रीत तू खोलीवर आणलीस. आपलं कुठलंही भांडण मिटेना की तू खिशातून दस्ती काढायचास, तुमच्याकडे रुमालाला दस्तीच म्हणतात, ती हातावर टाकायचास आणि म्हणायचास, "दहातली चूक किती तुझी, किती माझी? दाब." खोली झाडायची पाळी, हरवलेली सायकलची किल्ली, सगळं दस्तीखाली मिटलं. एकच गोष्ट कधी मिटली नाही.

बाजार खुले झाले, तू वडिलांची आडत सोडून कारखाना टाकलास. मी नुकताच कॉलेजात लागलो होतो आणि नवं काही वाचलं की ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय पचायचं नाही. मुहूर्ताला आलो. ऑफिसच्या भिंतीला नुसता गिलावा होता. मी बॉयलरसाठी आणलेल्या कोळशातला एक खडा उचलला आणि भिंतीवर तुला डोंगरासारखी रेघ काढून दाखवली. देश गरीब असतो तेव्हा धूर कमी. कारखाने येतात, धूर चढत जातो. मग हातात पैसा येतो, लोक स्वच्छ हवा मागायला लागतात, नवी यंत्रं येतात, आणि धूर उतरायला लागतो. श्रीमंत देशांचं असंच झालं, आपलंही होईल.

"म्हंजे आधी घाट चढायचा, मंग उतार."

"हो."

"आन आपण कुठं?"

मी डोंगराच्या पायथ्याशी एक ठिपका दिला. तू भिंतीला रंग देताना तेवढा तुकडा सोडलास. दर दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की मला समोर उभं करून तू पेन्सिलीनं ठिपका बोटभर वर सरकवायचास आणि म्हणायचास, "मास्तर, घाट लई लांब हाय." मी हसायचो. हसायचो कशाला, ते आता मलाच कळत नाही. तुला ती रेघ मी दिली होती. नवं धुराडं, नवा बॉयलर यांचा विषय निघाला की तू भिंतीकडे बोट करायचास. अजून चढच चालू आहे, उतार आला की बघू. माझ्याच कोळशानं काढलेल्या रेघेपुढं मला बोलता यायचं नाही.

मग तुझी पेंड परदेशात जायला लागली. ट्रक मुंबईच्या बंदराकडे निघाले, तू पेढे घेऊन नांदेडला आलास आणि जेवताना मध्येच घास खाली ठेवून म्हणालास, "पेंड त्यायच्या कोंबड्या खातेत. कोंबड्या ते खातेत. मंग धूर माझा कसा?"

मी सांगितलं, ज्या देशात जळतं त्या देशाच्या नावावर धूर लागतो. जगाचा नियम आहे.

"नियम कोणी केला?"

"सगळ्या देशांनी मिळून."

"खाणारायनीच केला आसंल."

जेवणाच्या ताटावरच दस्ती निघाली. तू माझी दोन बोटं दाबलीस. धुराचे दहा वाटे केले तर दोन तुझे, आठ खाणाऱ्याचे. मी पंजा दोनदा दाबला. दहाही आपले. ज्याच्या चुलीत जळलं त्याचा धूर. दोघांनी एकदमच हात बाहेर काढले आणि माझी बायको म्हणाली, "आधी भात संपवा."

त्यानंतर दर वर्षी तोच सौदा. तू दोनच्या पुढं गेला नाहीस, मी दहाच्या खाली आलो नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली त्या उन्हाळ्यात तू फोनवर ओरडला होतास, "विन्या, आता सांग. ज्यानं कोंबडी खाल्ली त्याच्या नळाला पाणी हाय का न्हाई?" मी तुला हवामानातला बदल आणि एका वर्षाचा दुष्काळ यांतला फरक समजावत बसलो. बरोबरच समजावला होता. पण तू दोन घागरींवर दिवस काढत होतास, आणि मी तुला व्याख्या सांगत होतो.

आता कबूल करतो. तू बरोबर होतास, आणि हे मला दहा वर्षांपासून ठाऊक होतं.

नंतरच्या अभ्यासकांनी वेगळी मांडणी केली होती. देशाच्या हद्दीत जळलेलं मोजायचं नाही, देशानं वापरलेल्या मालामागं जिथं कुठं जळलं ते मोजायचं. तसं केलं की श्रीमंत देशांचा तो सुंदर उतार पुष्कळ ठिकाणी कमी उतरतो. काही देशांनी खरंच धूर कमी केला, नाही म्हणत नाही, मी मास्तर आहे. पण पुष्कळांनी धुराडी उचलून दुसऱ्याच्या गावात ठेवली आणि माल तेवढा परत मागवला. त्यांचा उतार आपल्या चढावर उभा होता. भिंतीवरची माझी रेघ एकाच देशापुरती होती, म्हणजे मुळातच अर्धी.

हे मी वर्गात सांगितलं. फळ्यावर दोन रेघा काढून सांगितलं. लातूरचे माझे एक मित्र हे फार आधीपासून म्हणतात, असंही सांगितलं. पोरांना सांगितलं आणि तुला नाही. एकदा विष्णुपुरीच्या धरणावर फिरताना अगदी ओठावर आलं होतं. गोदावरी भरलेली होती, तू शेंगा खात होतास. मी म्हणालो, "तुझ्या म्हणण्यात काही तथ्य असू शकतं."

"म्हंजे हाव म्हन की."

"असू शकतं म्हणालो."

तू शेंगांची टरफलं नदीत न टाकता खिशात घातलीस आणि हसलास. तेव्हा 'हाव', म्हणजे साधं 'हो', म्हणायला माझी जीभ झडली असती का?

दोन वर्षांपूर्वी तो फॉर्म आला. मुंबईच्या दलालामार्फत, परदेशातल्या खरेदीदाराचा. पेंडीच्या प्रत्येक टनामागं किती कर्ब हवेत गेला ते लिहून द्या, नाहीतर पुढच्या मालाचा विचार करावा लागेल. बघ कसं आहे ते. इतकी वर्षं धूर आपल्या देशाच्या नावावर लिहिला, आता तो तुझ्या नावावर लिहून मागत होते आणि त्यावरून तुलाच पास-नापास करणार होते. त्यांच्या ताटाचा रकाना त्या फॉर्मात कुठंच नव्हता. तू कोळशाच्या पावत्या पिशवीत भरून नांदेडला आलास. तीन दिवस बसून आपण आकडा काढला. ट्रकचं डिझेल धरलं, वीज धरली, तू तर म्हणालास गेटवरचा चहावाला गॅस जाळतो तोही धर.

दलालाचा फोन आला. आकडा जास्त आहे अप्पा, बाकीचे लोक बराच कमी लिहितात, तुम्हीबी तेवढाच टाका, तिकडं कोण बघायला येतंय.

तू म्हणालास, "आकडा खराच जाईल. पर संगं चिठ्ठी जाईल." आणि फोन ठेवून माझ्याकडे वळलास. "तू लिही इंग्रजीत. धूर कुणाचा हाय ते नीट सांग. शिव्या देऊ नको, पर वाचणाऱ्याला शिवी दिल्यावानी वाटलं पाहिजे."

मी आठ दिवस मागितले. दोन वर्षं झाली, मन्मथ. पहिला मसुदा मला भावनिक वाटला. दुसऱ्यात संदर्भ कमी पडले. मग कुणीतरी नवं काही लिहिलं, ते वाचल्याशिवाय पाठवणं बरं दिसेना. पेंडीच्या फॉर्मासोबत जायच्या एका चिठ्ठीला मी संदर्भसूची जोडत बसलो होतो. तू आठवड्याला विचारायचास, मग महिन्याला, मग विचारेनासा झालास. फॉर्म तसाच गेला, नुसता आकडा. सोबत काही नाही.

आणि मागच्या वर्षी तर आकडा आणखी वाढला. पावत्या बघून मी चकित झालो. पेंड तेवढीच आणि उन्हाळ्यात कोळसा मात्र जास्त. बॉयलर सारखा थंड करून परत तापवला की असं होतं, एवढं मलाही कळतं. मी तुला फोनवर झापलं. "तुझा बॉयलरवाला दुपारी झोपतो का? रोज विझवून पेटवतोय तो. हा काय कारखाना चालवायचा प्रकार आहे? हाच आकडा बघून ते तुला हाकलतील."

तू म्हणालास, "हाव. झोपत आसंल."

खरेदीदारानं अर्धा माल बंद केला. हे तू मला सांगितलं नाहीस. तुझ्या मुलीनं, शिवानीनं, दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं.

आता दवाखान्याचं. तुझ्या नाकात नळी होती. मी खुर्ची ओढून बसलो. तू डोळे उघडलेस आणि पहिलं काय विचारलंस? "चिठ्ठी झाली का?"

"झालीच," मी म्हणालो. खोटं बोललो.

तू उशीखाली चाचपलंस. दस्ती काढलीस. काजळीनं कळकटलेली, दवाखान्यात ती कुणी राहू दिली देव जाणे. ती आपल्या हातांवर टाकलीस आणि माझा हात धरलास. मी थांबलो. दोन बोटं येणार, मी हाव म्हणणार, दहा वर्षांचं ओझं उतरणार, एवढं मी मनाशी ठरवून आलो होतो.

तू पंजा दाबलास. मग परत पंजा दाबलास. आणि म्हणालास, "समदे."

सगळे दहा तुझे. जन्मभर ज्यासाठी माझ्याशी भांडलास ते सगळं नळीतून श्वास घेत त्यांना फुकट देऊन टाकलंस. मी इतक्या उशिरा तुझ्या बाजूला आलो आणि येतो तर तू तिथं नव्हतास. मला वाटलं, फॉर्मानं याला मोडला. माल बंद केला म्हणून घाबरला. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी हात बाहेर काढला.

आडतीत हात बाहेर काढणं म्हणजे काय, हे मला तूच शिकवलं होतंस.

मी तसाच उठलो, बस पकडून नांदेडला आलो. वाटेत अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा वाटलं उतरावं, परत जावं. उतरलो नाही. उद्या जाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शिवानीचा फोन आला.

आज सकाळी तिनं मला कारखान्यावर बोलावलं होतं. या वर्षीचा फॉर्म आज जायचा होता. तुझ्या खुर्चीत ती बसली नव्हती, बाजूच्या स्टुलावर बसली होती. भिंतीवर माझी रेघ आणि तुझे पेन्सिलीचे ठिपके तसेच. मी बॉयलरकडे हात धुवायला गेलो आणि दारावर चिकटवलेला कागद पाहिला. तुझं अक्षर. 'अकरा ते चार बॉयलर बंद. उन्हाळाभर. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.'

परत येऊन विचारलं, हे काय आहे?

शिवानी म्हणाली, "काका, तुम्हाला अप्पांनी सांगितलं न्हाई?"

तिनं सांगितलं ते असं. कंपाउंडच्या मागं वस्ती आहे. तिथं गोदाबाई राहतात, उन्हाळ्यात लोकांच्या लग्नांना कुरडया करून देतात. गहू तीन दिवस भिजवायचे, चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यानं पाडायच्या आणि कडक उन्हात धोतरावर वाळवायच्या. मागच्या मागच्या उन्हाळ्यात त्या सुपात कुरडया घेऊन तुझ्या ऑफिसात आल्या आणि सूप टेबलावर ठेवलं. पांढऱ्या कुरडयांवर काळे ठिपके. रुखवतातून परत आलेल्या. धूर खाणाऱ्याचा असतो, हे तुझं भाषण सगळ्या वस्तीला पाठ होतं, कारण तू ते हमालांपासून वीजबिलवाल्यापर्यंत सगळ्यांना द्यायचास. गोदाबाई म्हणाल्या, "अप्पा, ह्यो धूर कुण्या देशाचा हाय तेवढं सांगा. त्या देशाला कुरडया धाडते."

शिवानी म्हणते, तू उठलास. एक कुरडई उचललीस, खिडकीपाशी नेऊन पाहिलीस, आणि त्याच दिवशी तो कागद लिहिलास. अकरा ते चार ऊन कडक असतं तेव्हा बॉयलर बंद. चार वाजता परत पेटवायचा, आणि पेटवताना धूर सगळ्यात जास्त होतो म्हणून तू स्वतः जाऊन उभा राहायचास. दस्ती वर धरून वारा बघायचास. वारा वस्तीकडे असला तर थांबायचास. दोन उन्हाळे, रोज.

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

वर्गात असतो तर म्हणालो असतो की काजळी वेगळी आणि कर्बवायू वेगळा. काजळी कुरडयांवर बसते, कर्ब साऱ्या पृथ्वीवर, दोन्हींचा हिशोब एकात घालू नका. हे मला माहीत आहे आणि ते खरं आहे. पण तुझा आकडा वाढला तो कशामुळे, हे मला आता कळलं. रोज बॉयलर विझवून पेटवल्यामुळे. गोदाबाईंच्या कुरडया पांढऱ्या राहाव्यात म्हणून तुझ्या टनामागं कर्ब वाढला, आणि तो वाढला म्हणून खरेदीदारानं तुझा अर्धा माल बंद केला. त्या फॉर्मात गोदाबाईंचा रकाना नाही. माझ्या भिंतीवरच्या रेघेतही नाही, आणि खरं सांगायचं तर वर्गातल्या त्या दुसऱ्या, सुधारलेल्या रेघेतही नाही. आणि मी फोनवर विचारत होतो की तुझा बॉयलरवाला झोपतो का.

सांगायला काय झालं होतं तुला? मी हसेन असं वाटलं? तीस वर्षं मला दोन बोटांच्या पुढं गेला नाहीस आणि एका बाईनं सूप ठेवल्याबरोबर सगळं कबूल केलंस, याची लाज वाटली? की मी कुरडयांनासुद्धा संदर्भ मागेन अशी भीती होती? मागितला असता कदाचित. तरी सांगायचं होतंस. रागवायचा तरी हक्क मला योग्य कारणासाठी मिळाला असता.

तेवढ्यात दलालाचा फोन आला. शिवानीनं तो स्पीकरवर लावला. "मॅडम, अप्पांचं झालं ते लई वाईट झालं. पण यावर्षी मागल्यावानी करू नका. बाकीच्यांचा आकडा पाठवतो, तोच उतरवा. न्हाईतर उरलेला अर्धाबी जातो." तिनं फोन बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. बाहेर हमाल पोती रचत होते. उरलेला अर्धा माल गेला तर त्यांतल्या किती जणांना तिला घरी पाठवावं लागेल, हे ती बोलली नाही, मीही विचारलं नाही.

"काका, काय लिहू?"

"खरा आकडा लिही," मी म्हणालो, "आणि मला कागद दे."

मन्मथ, दोन वर्षं झाली नाही ती चिठ्ठी पंचवीस मिनिटांत झाली. एक संदर्भ नाही. आधी मराठीत लिहिली, मग इंग्रजीत केली, म्हणून मराठीतली तुला सांगतो. लिहिलं की आकडा खरा आहे. उन्हाळ्यात तो वाढतो, कारण आम्ही रोज पाच तास बॉयलर बंद ठेवतो. बंद ठेवण्याचं कारण कुरडया. कुरडया म्हणजे काय हे जाणून घ्यायचं असेल तर फोन करा, सांगू. पेंड तुमची, कोंबडी तुमची, ताट तुमचं. तुमच्याकडची धुराडी थंड आहेत ती आमची गरम आहेत म्हणून. तेव्हा या धुराचे दहातले आठ वाटे तुमच्या नावावर लिहून घ्या. दोन आम्ही घेतो. नवा, कमी धुराचा बॉयलर हवा असेल तर त्याच्या खर्चालाही हाच हिशोब.

शिव्या दिल्या नाहीत. वाचणाऱ्याला काय वाटेल ते वाटो.

शिवानीनं दोनदा वाचली. मग म्हणाली, "दोन कामून? अप्पा तर समदे म्हणले होते. मी दाराशीच उभी होते."

मी चिडलो. म्हणालो, "तुझे अप्पा दमले होते. इतकी वर्षं जे मागितलं ते असं सोडून द्यायचं असतं का?"

"सोडलं कुठं? आधी चिठ्ठीच विचारली की त्यांनी."

खरंच की. विचारली होती. आधी चिठ्ठी विचारली, मग समदे म्हणालास. दोन्ही एका दमात, आणि मला त्यातलं दुसरंच ऐकू आलं. तुझ्या धुराड्यापर्यंत तुझाच हात पोचत होता म्हणून तू सगळं तुझं म्हणालास. पण म्हणून त्यांचं काही माफ केलं नव्हतंस.

शिवानीनं टेबलाच्या खणातून तुझी दस्ती काढली. धुतली नव्हती. ती टेबलावर माझ्या हातावर टाकली आणि खालून हात धरला. तिला हे कुणी शिकवलं ते विचारायची गरज नव्हती.

मी दोन बोटं दाबली.

तिनं पंजा दाबला. मग परत पंजा दाबला.

"त्यांना आठच मागायचे," ती म्हणाली. "चिठ्ठी हाय तशीच जाईल. पर आपल्यात हे."

"शिवानी, त्यांचे आठ, आपले दहा, बेरीज अठरा होते."

"होऊ द्या की."

तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे सोसत नाही, तुला ठाऊक आहे. दहाचे अठरा कसे होतील? मी तिला वाटे, टक्के, सगळं समजावून सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. राग तसाच होता. त्यांच्यावर, माझ्यावर, आणि हे सगळं खिशात घालून निघून गेलेल्या तुझ्यावर. पण या खेपेला मी हात बाहेर काढला नाही.

तिनंच काढला. अकरा वाजले होते आणि बॉयलर बंद करायला जायचं होतं.